थोरलीचा घास

आमच्या घरात पहिला घास थोरलीचा असायचा. माय चुलीपुढं बसली, पहिली भाकरी फुगून तव्यावरून उतरली, की तिचा तुकडा मोडून ती एका लहान पितळीत ठेवायची, वर असेल ते कालवण, शेजारी पाण्याची वाटी. आमच्या सगळ्यांचं पाणी ताटाच्या डाव्या हाताला असायचं, कारण उजवा हात खरकटा. थोरलीची वाटी उजव्या बाजूला असायची. लहानपणापासून रोज दोन वेळा मी हे पाहिलं आणि त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. पितळी ठेवून झाली की माय गळ्यातला टाक दोन बोटांत धरून कपाळाला लावायची, आणि मग दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाक मारायची. दादांचं झाल्यावर मी आणि माझा भाऊ. आमचं झाल्यावर माय. थोरलीचा घास नंतर गाईला जायचा, गाय विकल्यावर कुत्र्याला, आणि पुढं पुढं, सांगायला लाज वाटते, माझ्या पोटात.

थोरली म्हणजे दादांची पहिली बायको, सोजर. लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. लेकरू नाही, फोटो नाही. वर्ष सरायच्या आत माझी माय तिच्या जागी आली, आणि आमच्याकडच्या रिवाजानं लग्नातच तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला गेला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उमटवलेली एक बाई, नाक ना डोळा. काळ्या दोऱ्यात ओवलेला तो टाक मंगळसूत्राच्या खाली असायचा. थोरलीचा मान आधी दिला नाही तर ती दुखावते, घरात काही ना काही काढते, असं सगळे मानायचे. लोक मायला धाकटी म्हणायचे. थोरली कायम विशीतली राहिली, आणि धाकटी पिकत गेली.

मी पिशाच्चांच्या प्रेमकथा लिहिते हे वाचकांना माहीत आहेच. बसस्टँडवरच्या स्टॉलला सुतळीवर टांगलेली असायची ती पुस्तकं. कव्हरवर पांढऱ्या साडीतली बाई, केस मोकळे, मागं चंद्र. आमच्याकडच्या बायका मेल्या तरी केस बांधतात, असं मी चित्रकाराला कितीदा सांगितलं, त्यानं कधी मनावर घेतलं नाही. आता तीच पुस्तकं मोबाईलवर ऐकतात म्हणे. परवा एक पोरगी मुलाखत घ्यायला आली होती. तिनं विचारलं, मॅडम, मेलेली माणसं इतकं जीव लावून प्रेम करतात, हे तुम्हाला सुचतं कुठून? मी म्हणाले, कल्पनाशक्ती. तिनं ते लिहूनही घेतलं. मेलेली बाई आमच्या घरात रोज आमच्या आधी जेवत होती, हे तिला कुठं सांगत बसू?

तिला माझ्या लिहिण्याच्या पद्धतीचंही मोठं नवल वाटलं. मी बसून लिहू शकत नाही. अंबाजोगाईच्या या घरात मला मुलानं चांगलं टेबल करून दिलंय, त्यावर औषधं असतात. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहते. गोष्ट आधी मोठ्यानं बोलते, समोर बायका उभ्या आहेत असं समजून. बोलता बोलता एक पाऊल पुढं सरकते, मग थांबते, मग पुन्हा सरकते. ओटा संपला की प्रकरण संपवते, आणि तेही नेमकं अशा जागी की ऐकणारीचा जीव टांगणीला लागावा. मग उभ्याउभ्याच कागदावर उतरवते. गुडघे गेलेत, डॉक्टर ओरडतात, पण खुर्चीत बसलं की माझ्या बायका मुक्या होतात. हे सगळं मी पाण्याच्या रांगेत शिकले.

त्या दुष्काळात आमच्या गावच्या विहिरींचे तळ दिसायला लागले होते. शिरूर कासारच्या अलीकडचं आमचं गाव, एरवीही कोरडंच, पण त्या सालात बाभळींनीसुद्धा पानं टाकली. रेशनला लाल मिलो, बाहेरदेशची ज्वारी, यायची, तिची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि गार झाली की दाताला ऐकायची नाही. जनावरं गेली, तसं दूध गेलं. दादा गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. पहाटे कॅनच्या झाकणांचा खणखणाट, दूध मापायचा तो गोड आंबूस वास, सायकलींच्या घंट्या, हे माझ्या लहानपणाचे आवाज आणि वास. ते सगळे बंद पडले. सोसायटीच्या खोलीत रिकामे कॅन पालथे घातलेले, आणि दादा त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसलेले. मग तालुक्याच्या दूध संघाचा टँकर पाणी आणायला लागला. वाहायला दूधच नव्हतं तर टँकर उभा ठेवून काय करायचं? सोसायटीच्या पुढं तो थांबायचा, आणि तोटी सोडायचं काम सचिवांचं, म्हणजे दादांचं. त्या पाण्याला आंबलेल्या दुधाचा वास यायचा. आम्ही नाक दाबून प्यायचो, आणि तेही पुरायचं नाही.

टँकर यायची वेळ ठरलेली नव्हती. सकाळी घागरी मांडायच्या आणि उन्हात उभं राहायचं. गोष्ट सुरू झाली ती भांडण मोडायला. शेजारची पारूकाकू आणि तिची जाऊ एका घागरीवरून एकमेकींचं माहेर काढत होत्या. मी तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष करून घरी बसलेली, लग्नाची वाट बघत. कुणास ठाऊक काय सुचलं, मी म्हणाले, "काकू, मेलेली बाई पाण्याला आल्याली तुमी आयकलंय का?" दोघी गप्प झाल्या. आणि मी सांगायला लागले. एक बाई असते, भर तारुण्यात मेलेली. तिचा नवरा दुसरी करतो. पण दुसरीच्या गळ्यात हिचा टाक असतो, आणि टाकासाठी ठेवलेल्या घासाच्या वाटेनं ती रोज घरात येते. कुणाला दिसत नाही. फक्त नवऱ्याला ओल्या मेंदीचा वास येतो.

गावातल्या प्रत्येक बाईला कळलं होतं की हे घर कुणाचं. नावं मी बदलली होती, तेवढ्यानं काय होतंय? त्या एकमेकींकडं बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या, आणि म्हणायच्या, "मंग? पुढं काय झालं गं सुमे?" रांग सरकली की मी बोलत बोलत सरकायची, टँकरचा आवाज आला की थांबायची. दुसऱ्या दिवशी माझी घागर आधीच पुढं नेऊन ठेवलेली असायची. आयुष्यात पहिल्यांदा माझी कुणीतरी वाट बघत होतं. त्याची चव एकदा लागली की सुटत नाही, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही.

माय रांगेत मागं असायची, दुसरी घागर घेऊन. ती काही बोलायची नाही. एकदा फक्त, मिलोचं पीठ मळताना, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तुज्या गोष्टीत ती धाकटी काय करती गं?"

मी म्हणाले, "ती झोपल्याली आसती."

"सारखी?"

"थोरली आली की तिला झोप लागती. तशी जादूच हाय ती."

माय पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "यवडी झोप कुटनं आली बया तिला." मला वाटलं तिनं थट्टा केली. मी हसले. ती हसली नाही हे मला आज दिसतंय.

दादांचं सांगायचं राहिलं. आमचे दादा मुलीशी बोलणाऱ्यांतले नव्हते. "पाणी दे," "दार लाव," यापलीकडं त्यांच्या तोंडून मी माझ्यासाठी वाक्य ऐकलं नव्हतं. गोष्टीच्या वेळी ते सोसायटीच्या उंबऱ्यात उभे असायचे, पाठमोरे, जणू टँकरच्या वाटेकडं बघतायत. एक दिवस गोष्टीत मी त्या मेलेल्या बाईला डावरी केलं. ती नवऱ्याच्या पाठीवरून डावा हात फिरवते असं काहीतरी सांगत होते. उंबऱ्यातली पाठ वळली. दादा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

त्या दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन सोसायटीत गेले. रोज माय बांधून द्यायची आणि मी ठेवून परत यायची. त्या दिवशी ते म्हणाले, "बस." मी पालथ्या कॅनवर बसले. त्यांनी विचारलं, "ती डावरी व्हती, तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "कुणीच न्हाई. मला आपलं सुचलं."

 त्यांनी फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि घास हातात तसाच धरून म्हणाले, "पाणी शेंदताना लोक हसायचे तिला. उलटी शेंदायची."

त्या दिवसापासून मला गोष्टीची नाही, दादांची ओढ लागली. रोज दुपारी कॅनवर बसायचं, आणि ते थोडं थोडं सोजरबद्दल बोलायचे. तिला भाकरीवर तिळाची चटणी लागायची, तेल न घालता. ती अंगणात सडा टाकताना गुणगुणायची. तिला वीज चमकली की भीती वाटायची आणि त्याची लाज वाटायची. हे सगळं दुसऱ्या दिवशी माझ्या गोष्टीत यायचं, आणि उंबऱ्यात दादा ऐकायचे. मी मेलेल्या बाईला रोज थोडी थोडी जिवंत करून माझ्या बापाच्या हातात देत होते, आणि त्या बदल्यात मला बाप मिळत होता. दोघांच्या मध्ये मायनं थापलेली भाकरी असायची. ती कुणी थापली, मिलोची कड फाटू नये म्हणून किती गरम पाणी घातलं, हात किती भाजले, याबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही.

मग तो दिवस आला. ऊन डोक्यावर, टँकर येऊन उभा राहिलेला. पण त्या दिवशी माझी गोष्ट अशा जागी आली होती की मलाही थांबता येईना. नवरा अखेर तिला विचारतो, तू दिसत का नाहीस? आणि ती म्हणते, तुम्ही दुसरीच्या डोळ्यांनी बघता म्हणून. हे वाक्य मला तिथंच, त्या क्षणी सुचलं होतं.  दादांचा हात टँकरच्या तोटीवर होता. त्यांनी तोटी सोडली नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. "सचिव, सोडा की तोटी. मला अजून फुडच्या गावाला जायचंय."

दादा म्हणाले, "थांब जरा. हिचं हू दे."

"काय हू दे? पाणी वाटायचं सोडून गोष्टी आयकायलेत का तुमी?"

"थांब म्हणलं ना बे."

दादा कुणाला बे म्हणतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.  दुष्काळात, भर उन्हात, दूध सोसायटीच्या सचिवानं अख्ख्या गावाचं पाणी आपल्या मेलेल्या बायकोसाठी थांबवलं होतं. पारूकाकूनं मागं वळून पाहिलं. मग तिच्या जावेनं. एकेक करत सगळ्या बायकांनी मागं वळून माझ्या मायकडं पाहिलं.

मायनं खाली वाकून तिची रिकामी घागर उचलली, कमरेवर घेतली आणि घराकडं चालायला लागली. तिला हाक मारायला मला एक शब्द पुरला असता. सगळ्या गोष्टी मी इतक्या वेळा सांगितल्यात की खरं आणि रचलेलं यातली रेघ माझीच पुसट झालीय, पण हे मला स्वच्छ आठवतं, की मी तिला जाताना पाहिलं, आणि दादांकडं पाहिलं. दादा मायकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते, पुढचं ऐकायला. आणि मी पुढचं सांगितलं. त्या दिवशी मी जसं सांगितलं तसं पुन्हा कधी जमलं नाही. तोच प्रसंग मी नंतर तीन पुस्तकांत वापरला, प्रत्येक वेळी वाचकांना आवडला.

माझा मामा ऊसतोडीला जायचा. खालच्या अंगाला सहकारी कारखाने होते, पाण्याच्या मुलखात, आणि दसरा झाला की आमच्या भागातल्या टोळ्या तिकडं जायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्याच्या बायकोचं बाळंतपण झालेलं, म्हणून मामाचा कोयता त्या साली अर्धा होता. मुकादम अर्ध्या कोयत्याला नेत नाही. मामा आमच्याकडं आला होता तो कुणी जोडीला मिळतंय का विचारायला. माय म्हणाली, "मी येते."

सचिवाची बायको ऊस तोडायला जाते हे गावात कधी झालं नव्हतं. दादा पहिल्यांदा गोंधळलेले दिसले. म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

माय म्हणाली, "म्हणतील काय. गोष्ट सांगतील."

ट्रॅक्टर दुपारी सोसायटीच्या पुढंच उभा होता, ट्रॉलीत बोचकी, भांडी, एक शेळी. निघायच्या आधी मायनं मला आत बोलावलं. मला वाटलं पिठाचं, मिठाचं, भावाचं काही सांगेल. तिनं गळ्यात हात घालून काळा दोरा डोक्यावरून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. मी मागं सरले. लग्न न झालेल्या पोरीच्या गळ्यात सवतीचा टाक, हे म्हणजे अभद्रच. म्हणाले, "माय, मला कावून घालायलीस?"

"तुजंच चाललंय तिच्यासंगं. संबाळ."

रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. एखादी जोखमीची वस्तू शेजारणीकडं ठेवायला द्यावी तशी ती बोलत होती. उंबऱ्यापर्यंत गेली, आणि परत फिरली. "आन घासाची पाण्याची वाटी उजवीकडं ठेवत जा," ती म्हणाली. "डावरी व्हती ती. मी लग्न होऊन आले तवाच सासूबाईला समदं इचारून घेतलं. तिला तिळाची चटणी लागायची, बिनतेलाची. आता तीळ न्हाईत, नुसतं मीठ ठेवलं तरी चालतंय."

ट्रॅक्टर गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही. मी चुलीपुढं उभी होते आणि थोरलीच्या रिकाम्या पितळीकडं बघत होते. मला आपलं सुचलं, असं मी दादांना म्हणाले होते. रोज दोन वेळा ती वाटी उजव्या बाजूला ठेवताना मी पाहिली होती. माझ्या सगळ्या लेखनातलं पहिलं सुचलेलं ते मायच्या हातून आलेलं होतं, आणि ते मी तिच्याच विरुद्ध वापरलं.

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या माझ्याकडं आल्या. मिलोचं पीठ माझ्या हातात टिकेना. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले आणि त्यातला एक मी पितळीत ठेवला. रांगेत गेले तर टाक पदराखाली लपवून. पारूकाकू म्हणाली, "मंग गं सुमे? फुडं?" मी तोंड उघडलं आणि काही निघालं नाही. बायकांनी थोडे दिवस विचारलं, मग त्यांनी पुन्हा एकमेकींचं माहेर काढायला सुरुवात केली. दादा उंबऱ्यात उभे राहायचे ते टँकरच्या वाटेकडं तोंड करून. दुपारी मी भाकरी ठेवून निघायची, ते बस म्हणायचे नाहीत. घरात तिघं होतो, पण जेवताना ताटांचा आवाज एवढा मोठा यायचा की भाऊ बाहेर ओट्यावर जाऊन जेवायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी मी फडकं ठेवून वळले तेव्हा दादांनी विचारलं, "फुडं काय झालं तिचं?"

मी म्हणाले, "गेली."

"कुटं?"

"ऊस तोडायला."

त्यांनी हातातला तुकडा फडक्यावर ठेवला. मी टाकलेली भाकरी, एका बाजूनं करपलेली. तिच्याकडं ते बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर बदललं, सोसायटीची किल्ली शेजारी दिली आणि मांजरसुंब्याला जाऊन पुढची एसटी पकडली. परतले ते एकटेच. डाव्या हाताला चिंधी बांधलेली. उसाच्या पाचटानं कापतं तसं कापलेलं. पाणी पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "पट्टा पडल्यावर येते म्हणली." पट्टा पडणं म्हणजे गाळप संपणं, कारखाना बंद होणं. त्या हाताबद्दल मी त्यांना विचारलं नाही. पण सोजरचं नाव त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही, आणि माझंही फारसं नाही. गोष्ट आणि बाप, मी दोन्ही गमावलं, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

पट्टा पडला आणि माय आली. काळी पडली होती, तळहात चिरलेले, उजव्या हाताची दोन बोटं पुढं कायमची वाकडी राहिली. बोचकं उतरवलं, हातपाय धुतले, चुलीपुढं बसली. पीठ पाहिलं, नाक मुरडलं. भाकरी टाकायच्या आधी तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या गळ्यातला दोरा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. "तुजं लगीन व्हायचंय," एवढंच म्हणाली. मी रडले, तर तिला वाटलं धूर गेला, किंवा तसं तिनं दाखवलं. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला, पितळीत ठेवला, पाण्याची वाटी उजवीकडं. तिनं मला मारलं असतं, गावभर माझा उद्धार केला असता, तर मी आज जरा हलकी असते. तिनं काहीच केलं नाही. ते मला उतरवता आलेलं नाही.

लग्नानंतर, दोन लेकरं झाल्यावर, मी पुन्हा सांगायला लागले, या वेळी कागदावर. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा दादा हयात नव्हते. माय माझ्याकडं आली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तक हातात घेऊन कव्हरवरच्या बाईचे मोकळे केस पाहिले आणि म्हणाली, वाच. मी दोन दुपारी वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. मेलेली नायिका येते, जुईचा वास येतो, नायक दार उघडतो, खिडकीत चंद्र असतो. मला वाटलं ती रांगेतलं काही काढेल.  शेवटचं पान संपल्यावर तिनं टरफलं पदरात गोळा केली.

"चांगलं लिव्हलंय," ती म्हणाली. "पर हिच्यात भाकरी कोण करतंय?"

 त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात मी एक बाई चुलीपुढं बसवत आलेय. नायक-नायिका भेटत असतात तेव्हा आत कुणीतरी पीठ मळत असतं. प्रकाशक दर वेळी ते कापतो. म्हणतो, बाई, यानं गोष्टीचा वेग जातो. मी पुन्हा लिहिते, तो पुन्हा कापतो. छापलेल्या एकाही पुस्तकात ती बाई नाही.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्यामागं दादांनी कुणाला आणायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा तिचा टाक कुणी केला नाही. ज्या बाईच्या जागी दुसरी येत नाही तिला घास ठेवायची आमच्याकडं रीत नाही. थोरलीचा टाक माझ्याकडं आला. माझ्या गळ्यात तो शोभायचा नाही, पण ओट्याच्या वरच्या फळीवर तो असतो. सकाळी लिहायला उभी राहण्याआधी मी एक भाकरी करते. आता चांगल्या जोंधळ्याची, कड फाटत नाही. पितळीत सोजरचा घास ठेवते, वाटी उजवीकडं, वर तिळाची चटणी, बिनतेलाची. कधी न पाहिलेल्या त्या बाईला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, ती पाणी कशी शेंदायची, सगळं मला पाठ आहे. तिच्या जिवावर मी घर चालवलं, मुलं शिकवली.

मग मी दुसरा घास मोडते, मायचा. रिवाजात बसत नाही तरी मोडते. तो ठेवायला मी वेगळी पितळी घेतलीय. पाण्याची वाटी डावीकडं ठेवते, तेवढं मला कळतं. मग चटणीची बरणी हातात घेऊन उभी राहते. तिला काय आवडायचं? तिळाची का शेंगदाण्याची, लोणच्याची फोड, का ताक? मी खूप आठवून बघते. ती आम्हा सगळ्यांच्या नंतर जेवायची, आणि तोवर मी उठून गेलेली असायची. मी तिला जेवताना नीट कधी पाहिलंच नाही. बरणी परत ठेवते. मायचा घास कोरडाच राहतो.